कॅम्पबेल बेटावरची डेझी लावताय? या चुका टाळा

प्ल्युरोफायलम स्पेसिओसम (या डेझीचं शास्त्रीय नाव) हे न्यूझीलंडच्या दक्षिणेकडच्या ऑकलंड आणि कॅम्पबेल बेटांवरचं झाड. पानं ताटाएवढी मोठी, पन्हाळी पत्र्यासारखी खोल सऱ्यांची, लवदार. फुलं फिकट जांभळी, मधोमध गडद. रोप क्वचितच विकत मिळतं आणि मिळालं तरी बहुतेकांकडे पहिल्याच उन्हाळ्यात मान टाकतं.

याचं मुख्य कारण एका गैरसमजात आहे. अंटार्क्टिकाच्या बाजूचं झाड म्हणजे त्याला कडाक्याची थंडी हवी, असं लोक धरून चालतात. कॅम्पबेलचं सरासरी तापमान ७ अंशांच्या आसपास असतं. समुद्रामुळे तिथे हिवाळा फार बोचत नाही आणि उन्हाळा जवळपास नसतोच. वर्षातले सुमारे ३२५ दिवस थोडा तरी पाऊस पडतो, ऊन मात्र वर्षभरात साधारण ६५० तास. पुण्यात एवढं ऊन उन्हाळ्याच्या अडीच महिन्यांत पडतं! त्यामुळे हे झाड थंडीने कमी आणि उकाड्याने जास्त मरतं.

ती लवदार, सऱ्यांची पानं ऊब धरून ठेवतात. बेटावर मोजल्यावर ती भोवतालच्या हवेपेक्षा बरीच गरम भरली होती. तिथे हा गुण कामाचा, पण काचघरात तोच जिवावर उठतो. म्हणून काचघर नको. वारा खेळू द्या.

भर दुपारी पानं लोंबली की लोक पाणी ओततात. आधी मातीत बोट घाला. ओल असेल तर मुळं तापली आहेत असं समजा आणि कुंडी सावलीत हलवा. वरून आणखी पाणी घातलंत तर बुंधा कुजेल. माती भुसभुशीत, पालापाचोळ्याची, कायम ओलसर हवी, पण पाणी तुंबता कामा नये.

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाकडे, डनेडिन, इन्व्हरकार्गिल या शहरांत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींची एक हमखास चूक: सावली हवी म्हणून कुंडी घराच्या उत्तरेला ठेवणं. तिकडे सूर्य उत्तरेकडून येतो. दक्षिणेची भिंत धरा.

ऑकलंड बेटं आणि ऑकलंड शहर यांच्या हवामानाचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. त्या शहरात हे झाड लावायच्या फंदात पडू नका. महाबळेश्वरचं तर नावच काढू नका.

बेटावर जायचा योग आलाच, तर बी खिशात टाकू नका. तिथे उतरायलाही परवाना लागतो आणि बूट, कपडे घासूनपुसून तपासले जातात. ही कडकपणाची हौस नव्हे. १८९५ मध्ये कॅम्पबेलवर मेंढपाळी सुरू झाली, १९३१ मध्ये माणसं निघून गेली, मेंढ्या मात्र मागेच राहिल्या. त्यांनी ही मोठ्या पानांची झाडं चरून चरून कड्याकपारीपुरती उरवली. शेवटच्या मेंढ्या हटवल्या गेल्या त्या थेट १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि मेंढ्या हटत गेल्या तशी उतारांवर पुन्हा जांभळी फुलं दिसू लागली.