मृगाच्या आधी वायपर, आणि मग पिवळे दिवे

सासर पाटणला, माहेर चिपळूणला, त्यामुळे कुंभार्ली घाट मला पाठ आहे. पावसाळ्यात कोयनानगर मागं पडलं की ढग रस्त्यावरच येऊन बसतात. चार वर्षांपूर्वी जुलैत, हेळवाकच्या पुढं, ड्रायव्हरच्या बाजूच्या वायपरचं रबर निम्मं सुटलं आणि शेपटीसारखं काचेवर आपटायला लागलं. हेडलाइट आधीच कावीळ झाल्यासारखे. पुढं एक एसटी होती, तिच्या मागच्या लाल दिव्यांना धरून मी पोफळीपर्यंत उतरले. तेव्हापासून मे महिन्यातला एक रविवार गाडीचा. मृग लागायच्या आत दोन्ही कामं उरकते, कारण मेमधलं ऊनच रबर मारतं आणि मेमधली कोरडी हवाच दिव्यांच्या कामाला लागते.

आधी काच. नवीन ब्लेड घातले तरी पुसल्यावर धुरकट राहतं अशी तक्रार बरेच जण करतात. त्यात ब्लेडचा दोष नसतो. काचेवर डिझेलच्या धुराचा तेलकट थर असतो. आमच्या दारात आंबा आहे, त्याच्या मोहोराचा चिकटा जानेवारीपासून गाडीवर पडतो, तो वेगळाच. भांड्यांच्या साबणानं काच दोनदा धुवायची, मग ओल्या स्पंजवर खाण्याचा सोडा घेऊन हलक्या हातानं गोल गोल चोळायची. स्वच्छ पाणी ओतून बघा. पाणी सलग पसरत खाली आलं तर तेल गेलं. मध्येच फाटून थेंब थेंब झालं तर परत एकदा. डॅशबोर्ड चमकवायचं पॉलिश लागलेलं फडकं मात्र काचेच्या जवळपास आणू नका.

आता ब्लेडचं माप. दुकानदाराला गाडीचं नाव सांगण्यापेक्षा जुन्या ब्लेडला टेप लावून जा. माझ्या गाडीला ड्रायव्हरकडे 21 इंची आणि डावीकडे 18 इंची बसतो. दोन्ही सारखे समजून मी एकदा 21 ची जोडी आणली होती, ते दोन्ही वायपर मध्यात एकमेकांवर चढले. मागच्या काचेला वायपर असेल तर त्याचंही माप घ्या, त्याची आठवण कुणालाच राहत नाही. नुसतं रबर बदलून देणारेही रस्त्याकडेला भेटतात. स्वस्त पडतं, पण रबर धरून ठेवणाऱ्या जुन्या पट्टीचा ताण गेलेला असला तर रबर कितीही नवं असो, मधला भाग काचेला टेकत नाही.

वायपरची दांडी उभी करण्याआधी काचेवर जाड टॉवेलची चौपदरी घडी ठेवा. हे मी हात जोडून सांगते. ब्लेड काढल्यावर दांडीचं टोक म्हणजे उघडं लोखंड, आणि तिच्या बुडाशी जोरकस स्प्रिंग. आमच्या शेजाऱ्यांच्या हातातून ती सुटली, आणि दोन-अडीचशेच्या ब्लेडपायी पुढची अख्खी काच बदलायची पाळी आली.

बऱ्याच गाड्यांच्या दांडीला टोकाशी आकड्यासारखा वाक असतो. दांडी उभी करायची, ब्लेड तिच्याशी काटकोनात फिरवायचा. मधोमध एक छोटी प्लास्टिकची जीभ दिसते, ती दाबून धरायची आणि ब्लेड दांडीच्या बुडाकडे, म्हणजे खाली सरकवायचा. वर ओढलात तर जन्मात निघणार नाही. मी पहिल्या वर्षी वीस मिनिटं वर ओढत होते. नवा ब्लेड उलट क्रमानं: आकडा आतून ओवायचा आणि ‘टक्’ आवाज येईपर्यंत वर खेचायचा. आवाज आला नाही तर बसलेला नाही. नव्या रबरावर कधी कधी प्लास्टिकची रंगीत पट्टी असते, ती काढायला विसरू नका. काही गाड्यांत दांड्या बॉनेटखाली दडलेल्या असतात. त्या तशाच ओढू नका, आधी मॅन्युअल बघून वायपर काचेच्या मध्यावर आणून थांबवावे लागतात.

पाणी मारून चालवून बघा. जाताना स्वच्छ पुसतो आणि येताना थरथरतो, असं झालं तर दांडीच किंचित पिळलेली आहे. रबराची धार जाता-येता दोन्हीकडे कलंडली पाहिजे, ती एकाच बाजूला अडकते. पक्कडीला फडकं गुंडाळून दांडी अगदी केसभर उलट पिळायची. हे जमेल असं वाटत नसेल तर गॅरेजवाल्याला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. पाण्याचा फवारा तिरका जात असेल तर तो जिथून उडतो त्या भोकात टाचणी घालून दिशा बदलता येते. आणि कोरड्या काचेवर धूळ पुसायला वायपर कधी लावू नका.

दिव्यांची गोष्ट लांब आहे. पद्मिनी, अँबॅसिडरच्या दिव्यांना काच होती, ती पिवळी पडत नसे. आताची भिंगं पॉलिकार्बोनेटची. कारखान्यातून त्यांच्यावर एक कडक थर येतो, उन्हानं तो खराब होतो आणि खालचं प्लास्टिक पिवळं पडतं. गॅरेजमध्ये मला दोन्ही दिवे नवे घाला असं सांगितलं होतं आणि आकडा ऐकून मी घरी परत आले. वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा सँडपेपर), मास्किंग टेप आणि क्लिअर कोटचा, म्हणजे पारदर्शक संरक्षक थराचा, स्प्रे मिळून माझं काम हजाराच्या आत झालं.

सुरुवातीला दिव्यावर पाणी ओता. ओला असताना तो स्वच्छ दिसला तर खराबी बाहेरची आहे, निघेल. ओला असूनही धुरकट दिसला तर ती आतली आहे किंवा भिंगाला खोलवर तडे गेलेत. तिथं घासून हात दुखतील, बाकी काही नाही.

टूथपेस्टनं चमक येते, खोटं नाही. पण उरलासुरला थरही त्यात जातो आणि थोड्याच दिवसांत दिवा होता तसा होतो. डास पळवायचा स्प्रे मारण्याचे व्हिडिओ फिरतात, तो तर प्लास्टिकचा वरचा पापुद्राच विरघळवतो.

दिव्याभोवती मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावा, कारण वॉटर पेपर बॉनेटचा रंग भिंगाइतक्याच आनंदानं खातो. कागद दहा मिनिटं पाण्यात भिजवून ठेवायचे, पाण्यात साबणाचा एक थेंब. दिवा फार पिवळा असेल तर 800 नंबरच्या कागदापासून, नाहीतर 1000 पासून; नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. आडवं घासायचं, सतत पाणी. सुरुवातीला पिवळट दुधासारखं पाणी निघतं, तो जुना थर. पाणी पांढरं निघेपर्यंत याच नंबरवर थांबायचं. कंटाळून पुढं गेलात तर पिवळे डाग तसेच राहतात. मग 1500 नं उभं आणि 2000 नं परत आडवं. दिशा बदलल्यामुळे आधीच्या कागदाचे ओरखडे गेले का ते दिसतं. या टप्प्यावर दिवा बाथरूमच्या दुधी काचेसारखा होतो आणि आपण गाडीचं वाटोळं केलं असं वाटतं. मी पहिल्यांदा नवऱ्याला हाक मारून जवळजवळ रडले होते. घाबरू नका.

इथं दोन वाटा आहेत. रबिंग कंपाउंडनं, म्हणजे घासून चमक आणणाऱ्या पेस्टनं, चोळून लगेच चकचकीत करता येतं. पहिल्या वर्षी मी तेवढंच केलं आणि दिवाळीपर्यंत दिवे पुन्हा मळकट झाले. ही वाट धरलीत तर महिन्या-दोन महिन्यांनी मेणाचं पॉलिश लावत राहावं लागतं. दुसरी वाट उन्हापासून वाचवणाऱ्या क्लिअर कोटची. कोट मारायचा असेल तर कंपाउंड लावूच नका. 2000 नंबरनं झालेल्या खरखरीत भिंगावरच तो नीट धरतो आणि बारीक ओरखडे स्वतः भरून काढतो. भिंग पूर्ण वाळवून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं, त्यानंतर बोट लावायचं नाही. उरलेली गाडी जुन्या चादरीनं झाकायची. सकाळी सावलीत, तोंडाला चांगला मास्क बांधून, आधी एक अगदी पातळ हात, डब्यावर लिहिलंय तेवढं थांबून दुसरा, मग तिसरा. एकदम जाड मारला तर ओघळ येतात. हवा दमट असेल तर कोट पांढरट होतो, म्हणून जूनपर्यंत थांबायचं नाही. पुढचे चोवीस तास गाडी धुवायची नाही.

एवढं करूनही उजेड कमी वाटला म्हणून नव्वद-शंभर वॅटचा बल्ब घालू नका. माझ्या गाडीत 60/55 वॅटचा हॅलोजन आहे. त्याहून मोठ्यानं होल्डर वितळतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळंच.

माझा उजवा दिवा आता छान आहे. डाव्यात पावसाळ्यात आतून वाफ धरते, कुठंतरी सील गेलंय. तो उतरवून उघडायचं धाडस मी अजून केलेलं नाही.