मनुकांच्या वाटीतून समजून घ्या केमिकल पोटेन्शियल

नाशिकच्या गंगापूर धरणातून पाणी सोडलं की ते गोदावरीतून खाली रामकुंडाकडेच येतं, पूर असेल तर काठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागतं. उलटं चढत नाही. पाणी कुठे किती साठलंय यावर ही दिशा ठरत नाही, पातळीवर ठरते. रासायनिक विभव, म्हणजेच केमिकल पोटेन्शियल, ही पदार्थाची तशीच पातळी. अमेरिकी शास्त्रज्ञ विलार्ड गिब्ज यांनी १८७६ ते १८७८ या काळात ती मांडली. एकक जूल प्रति मोल (मोल म्हणजे रेणू मोजायचं ठरलेलं माप). व्याख्या पाठ करण्याआधी मनुका भिजवा.

दोन वाट्यांत मूठ-मूठ मनुका घ्या. एकीत साधं पाणी, दुसरीत साखरेचा घट्ट, गार पाक. रात्रभर झाकून ठेवा. सकाळी पाण्यातल्या टम्म फुगलेल्या असतील, पाकातल्या फारच कमी.

आता हिशेब. पाण्यात साखर विरघळली की पाण्याचा विभव घसरतो. २५ अंशांना दर १० रेणूंत ९ पाण्याचे असतील, तर आदर्श द्रावण (म्हणजे हिशेबापुरतं साधं, सरळ वागणारं) धरून ही घसरण मोलमागे सुमारे २६१ जूल येते. मनुकेच्या आत साखर खच्चून भरलेली, म्हणून साधं पाणी आत धावतं. पाकातल्या पाण्याची पातळी आधीच खाली असते, त्यामुळे ओढ कमी.

विभव दिशा सांगतो, वेग नाही, आणि इथेच बहुतेक जण फसतात. द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा थर असतो, त्यामुळे आतलं पाणी सहज बाहेर पडत नाही. बेदाणा करणारे म्हणूनच घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून काढतात. पातळीतला फरक तोच राहतो, फक्त वाट मोकळी होते.

पुढे प्रावस्था समतोल, म्हणजे एकाच पदार्थाच्या घन, द्रव, वायू अशा रूपांमधला तोल. बर्फ आणि पाणी ० अंशाला शेजारी नांदतात, कारण दोघांतला पाण्याचा विभव सारखा असतो. दाब बदलला की ही जुळणीही सरकते. वाफेवर तर दाबाचा परिणाम फार मोठा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, म्हणून इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि कुकरमध्ये १२० च्या जवळ.

शेवटी जत्रेतल्या पॉट आइस्क्रीमची युक्ती करा. कुटलेल्या बर्फात जाडं मीठ घालून ढवळा, थर्मामीटर लावा. मीठ पाण्यात विरघळतं, बर्फात शिरत नाही. म्हणून फक्त पाण्याची पातळी खाली जाते. बर्फ वितळू लागतो, त्यासाठी लागणारी उष्णता मिश्रणातूनच घेतो आणि पारा शून्याखाली उतरतो. वजनाने सुमारे २३ टक्के मिठाच्या द्रावणापाशी उणे २१ अंशांपर्यंत मजल जाते. घरच्या बादलीत सहसा तेवढं जमत नाही, पण फरक चांगला दिसतो.

विभव सारखा म्हणजे मिश्रण सारखं, असा समज झाला असेल तर खाण्याचा बर्फ आणि मीठ वापरून हेच पुन्हा करा. बर्फाचा एक खडा गार पाण्यात पटकन धुऊन तोंडात टाका. भोवतीचं पाणी खारट, खडा अळणीच.