कॉब कोन मोजताना आधी मणके ठरवा, मग रेघ मारा

स्कोलिओसिसच्या (पाठीचा कणा बाजूला वाकण्याच्या विकाराच्या) एक्स-रेवर कॉब कोनाचे, म्हणजे वक्र किती अंशांचा आहे याचे, दोन रेसिडेंटांचे (शिकाऊ डॉक्टरांचे) आकडे जुळत नाहीत, तेव्हा दोष बहुधा कोनमापकाचा नसतो. दोघांनी टोकाचे मणके वेगळे धरलेले असतात. म्हणून वक्राच्या दोन्ही टोकांना सर्वांत जास्त कललेला मणका आधी शोधा आणि त्याचं नाव, उदाहरणार्थ टी५ आणि टी१२ (छातीच्या भागातला पाचवा आणि बारावा मणका), रिपोर्टात लिहा. वरच्या मणक्याच्या वरच्या कडेला आणि खालच्याच्या खालच्या कडेला समांतर रेघ मारा. दोन रेघांमधला कोन हाच कॉब कोन. कड धूसर असेल तर त्या मणक्याच्या दोन्ही पेडिकलच्या (मणक्याचा पुढचा भाग मागच्या कमानीला जोडणाऱ्या हाडाच्या दोन तुकड्यांच्या) वरच्या किंवा खालच्या कडा जोडा. फिल्मवर जाड पेन्सिल नको, रेघेच्या जाडीनेही अंश-दोन अंश सहज सरकतात.

पुढच्या भेटीत जुनी फिल्म शेजारी लावून तेच मणके धरा. नव्याने निवडलेत तर वाढ खरी की निवडीची, हे कळायचं नाही. पाच अंशांपर्यंतचा फरक मोजणीतलाच असू शकतो, त्यामुळे २३चे २६ झाले म्हणून लगेच ब्रेसचा (कण्याला आधार देणाऱ्या पट्ट्याचा) विषय काढू नका. आणि हो, एक्स-रे उभ्यानेच काढलेला हवा. झोपवून काढलेल्यात वक्र कमी दिसतो.