मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर आणि वेळ मोजताना या चुका टाळा

लेक-जावई न्यू जर्सीला, आईबाबांचं पहिलंच परदेशी तिकीट आणि चुकलेलं गणित. दर उन्हाळ्यात हे प्रकरण माझ्या दारात येतं, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात लाडकी चूक म्हणजे उतरण्याच्या वेळेतून सुटण्याची वेळ सरळ वजा करणं. आमचे काका मे महिन्यात निघाले. तिकिटावर मुंबई पहाटे दीड, नेवार्क (न्यूयॉर्कजवळचा न्यू जर्सीतला विमानतळ) सकाळी सात, तारीख तीच.

"साडेपाच तासांत अमेरिका! कोकणात जायला याहून जास्त लागतात."

"काका, ते सात तिथले आहेत."

"कळतं रे मला!"

कळत होतं तरी बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या गेल्या मोठ्या बॅगेत, म्हणजे विमानाच्या पोटात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे, तेव्हा प्रवास पंधरा तासांचा. काकूंच्या पर्समध्ये एक जुनी स्ट्रिप निघाली म्हणून निभावलं. परतीला दुपारी बाराला निघून दुसऱ्या दिवशी साडेअकराला मुंबई. "येताना साडेतेवीस तास," असं काका अजून सांगतात. खरे चौदाच. उंचावरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, येताना ते पाठीशी असतात.

माझी सवय सांगतो. जातानाची आणि येतानाची, दोन्ही वजाबाक्या चुकीच्याच करा. साडेपाच आणि साडेतेवीस मिळून एकोणतीस, निम्मे साडेचौदा. घड्याळांतला फरक आपोआप उडतो आणि सरासरी हाती लागते. मात्र दोन्ही तिकिटं एकाच हंगामातली हवीत. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं सरकतात, हिवाळ्यात फरक साडेदहा तासांचा होतो.

दुसरी चूक, भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवणं. पट्टी अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक असं दाखवते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, तो अफगाणिस्तान, रशिया करत स्कँडिनेव्हियाच्या बाजूने ग्रीनलंडच्या टोकाकडे जातो. ते अंतर सुमारे १२,५०० किमी. फोनवर दिसणारा आकडा बहुधा याच दोऱ्याचा असतो, पण विमान दोऱ्यावरून जाईलच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांना अरबी समुद्रावरून वळसा पडला. त्यामुळे जुन्या प्रवाशाने सांगितलेले तास आजही तेवढेच असतील, असं धरू नका.

अंतराला ९०० ने, म्हणजे विमानाच्या ताशी किमी वेगाने, भागून मोकळे होणारे उतावीळ लोक धावपट्टीकडे रांगत जाणं, चढणं, उतरणं धरतच नाहीत. तिकिटावरच्या वेळा गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतच्या असतात.

मैल दिसला तर कोणता ते बघा. साधा १.६ किमी, विमानवाल्यांचा नॉटिकल १.८५२ किमी.

आणि १५ तारखेचं पहाटे दीडचं विमान असेल तर १४ ला संध्याकाळीच लवकर जेवून निघायचं. काका १५ ला रात्री निघणार होते, ते वेगळंच.