‘करील’ आणि ‘करू शकेल’

ऊर्जा, हवामान आणि आपत्ती या विषयांच्या धोरण संशोधनात आले तेव्हा डोळ्यांसमोर मॉडेल्स होती, आलेख होते. पहिलं वर्ष मात्र नियमांतल्या व्याख्या आणि परिशिष्टं वाचण्यात गेलं. नव्यानं येणाऱ्यांना हे आधीच सांगितलेलं बरं.

माझं पहिलं टिपण चाळीस पानांचं होतं, ‘ठोस पावलं उचलावीत’ छापाच्या शिफारशींनी भरलेलं. वरिष्ठ बाईंनी ते परत केलं. समासात पानोपानी तेच प्रश्न: कोणी उचलावीत? कोणत्या अधिकारात? पैसे कोणाचे? दुसऱ्या खेपेला नऊ पानं आणि दोन शिफारशी उरल्या. राग आला होता, खोटं कशाला बोलू.

या प्रश्नांची धार मला टेक्सासच्या प्रकरणानं कळली. फेब्रुवारी २०११च्या थंडीत तिथं वीज गेली, तेव्हाच केंद्रीय नियामकांच्या अहवालानं वीजकेंद्रं आणि गॅसच्या यंत्रणा थंडीसाठी सज्ज करायला सुचवलं होतं. सुचवलं होतं, बंधनकारक झालं नाही. फेब्रुवारी २०२१मध्ये तीच थंडी आणखी जोरात आली आणि राज्य सरकारच्या मोजणीप्रमाणे २४६ माणसं गेली. त्यातला एक तपशील मला अजून छळतो. गॅस पुरवणाऱ्या काही यंत्रणांची ‘अत्यावश्यक’ ग्राहक म्हणून नोंदच झालेली नव्हती. भारनियमनात त्यांचीच वीज कापली गेली, गॅस आटला आणि गॅसवरची केंद्रं आणखी बंद पडली. ऊर्जा, नियमन आणि आपत्ती ही तीन वेगळी खाती आहेत, असं त्यानंतर मला कधी वाटलं नाही.

म्हणून नियम वाचताना आधी क्रियापदाखाली रेघ मारा. ‘करील’ असेल तर जबाबदारी आहे. ‘करू शकेल’ असेल तर मर्जी. मग ते न केल्यास काय होतं, ते शोधा. बहुतेकदा ते कलम सापडतच नाही!

आकड्यांचंही थोडं. मेगावॅट म्हणजे क्षमता, मेगावॅट-तास म्हणजे प्रत्यक्ष वीज. १०० मेगावॅटचं केंद्र वर्षभर अखंड चाललं तर ८,७६,००० मेगावॅट-तास देईल. चांगल्या उन्हातला तेवढाच सौर प्रकल्प त्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. माझी ही गल्लत एका बैठकीत, सगळ्यांसमोर उघडी पडली. तसंच आधाररेषेचं, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची त्या सुरुवातीच्या आकड्याचं. युरोपची कार्बन बाजारपेठ २००५मध्ये सुरू झाली तेव्हा खऱ्या उत्सर्जनाची पडताळलेली आकडेवारीच हाताशी नव्हती. कंपन्यांना उत्सर्जनाचे परवाने गरजेपेक्षा जास्त वाटले गेले आणि २००७मध्ये त्यांचा भाव जवळपास शून्यावर आला.

पदवी कोणतीही चालते. अर्थशास्त्र, कायदा, अभियांत्रिकी, सगळ्यांचंच काही ना काही अडतं. अर्जासोबत मात्र कुठल्याही एका नियमावर दोन पानांचं टिपण जोडा. मी निवडीला बसते तेव्हा आधी एवढंच पाहते, की उमेदवारानं व्याख्यांचं पान उघडलं होतं का.