बायकांना "समजावून" सांगताना या चुका टाळा (त्यातली एक मी स्वतः केलेली)

मे महिना, दुपारचे अडीच, मनीष नगरातल्या एका घराचा स्लॅब. माझ्या हातात करंट मोजायचा क्लॅम्प मीटर, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, आणि बाजूला घरमालकांचे मेव्हणे, जे सुट्टीत पाहुणे आले होते आणि ज्यांना मी काहीच विचारलं नव्हतं. ते म्हणाले, "बेटा, नागपूरचं ऊन आहे हे, जितकं तापलं तितकं पॅनल जास्त करंट देते, पाहा तुम्ही." मी सोलरचं काम ११ वर्षांपासून करून राहिली आहे.

आता खरं काय ते सांगते, कारण हे बऱ्याच जणांच्या डोक्यात उलटं बसलेलं आहे. पॅनलला लागतो उजेड, गर्मी नाही. पॅनलवर जे वॅट लिहिलेले असतात ते सेलचं तापमान २५ डिग्री धरून काढलेले असतात, आणि त्याच्यावर एकेक डिग्री वाढली की साधारण ०.३ ते ०.४ टक्के आउटपुट कमी होतं. आपल्याकडे बाहेर ४५ असलं की पॅनल स्वतः ६५ च्या आसपास जातं, म्हणजे १२-१६ टक्के तिथेच गेले. दिवस मोठा आणि आभाळ साफ म्हणून मे मध्ये युनिट चांगले निघतात, पण ते उन्हाच्या उजेडामुळे, तापण्यामुळे नाही. एवढं सगळं मी त्यांना शांतपणे सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि माझ्या हेल्परकडे वळले, जो २१ वर्षांचा आहे आणि मागच्या दिवाळीनंतर कामाला लागला, आणि त्याला विचारलं, "का रे, बरोबर सांगून राहिल्या का मॅडम?"

तो बिचारा वायर सोलता सोलता लाल झाला.

तर भाऊंनो, हे आहे ते. इंग्रजीत याला मॅन्सप्लेनिंग म्हणतात, २००८ नंतर तो शब्द इंटरनेटवर फिरायला लागला, पण आपल्याकडे त्याच्या आधीपासून "ग्यान देणे", "अक्कल शिकवणे" हे होतंच की. फरक एवढाच की आपल्या शब्दांमध्ये कोण कोणाला देऊन राहिलं ते येत नाही. माझ्या अनुभवात दहातले नऊ जण वाईट नसतात, ते मदतच करायला आलेले असतात, आणि म्हणूनच हा लेख लिहायला घेतला. वाईट माणूस लेख वाचून सुधरत नाही, पण ज्याला कळतच नाही की आपण काय केलं, त्याच्यासाठी थोडी सोय होऊ शकते.

सुरुवातीलाच होणारी चूक: समोरच्या बाईला शून्य येतं असं धरून चालणं

समजावून सांगणं हा प्रॉब्लेम नाहीच मुळी. मेकॅनिकला मी विचारलं की स्कूटी पिकअप का घेत नाही आणि त्याने बेल्ट-रोलर दाखवून दहा मिनिटं सांगितलं, तर ते ग्यान नाही, ते उत्तर आहे, मीच मागितलं होतं. प्रॉब्लेम तेव्हा होतो जेव्हा कोणी विचारलेलं नसतं, समोरचीला त्यातलं तुमच्यापेक्षा जास्त कळतं, आणि तुम्ही ते तपासायची तसदीच घेत नाही. तपासायला काय लागतं? एक प्रश्न. "तुम्ही हे आधी केलं आहे का?" बस. पाच सेकंद लागतात. मेव्हण्यांनी एवढं विचारलं असतं तर आम्ही दोघंही सावलीत जाऊन मठ्ठा पीत बसलो असतो.

आणि एक घरगुती टेस्ट आहे, ती मनातल्या मनात करून पाहा: हेच वाक्य, याच आवाजात, तिच्या जागी तिच्याच वयाचा, तिच्याच डिग्रीचा पुरुष असता तर तुम्ही बोलला असता का? "बेटा" सकट?

तिचंच काम तिलाच शिकवणं

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण नासाचं आहे. जेसिका मीर नावाची अंतराळवीर, तिने २०१६ मध्ये ट्रेनिंगचा एक व्हिडिओ टाकला, ६३ हजार फुटांच्या वर हवेचा जो दाब असतो त्या दाबात ती स्पेससूट घालून बसली आहे आणि तिथे पाणी आपोआप उकळून राहिलं आहे. तर एका माणसाने खाली लिहिलं की याला आपोआप म्हणता येणार नाही, दाब कमी झाला म्हणून उकळलं, साधं थर्मोडायनॅमिक्स आहे. म्हणजे बाई त्या खोलीत बसून आली आणि हा फोन हातात घेऊन तिला समजावून राहिला! तीच मीर २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये क्रिस्टिना कोकसोबत अंतराळ स्थानकाच्या बाहेर गेली, फक्त बायकांनी केलेला तो पहिला स्पेसवॉक होता.

आता म्हणाल हे अमेरिकेतलं. बरं, आपल्या गावचं घ्या. दिव्या देशमुख, बुद्धिबळ खेळणारी आपली नागपूरची पोट्टी, १८ वर्षांची होती तेव्हा, जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्सची स्पर्धा खेळून आल्यावर तिने स्वतः लिहिलं होतं की लोक तिच्या चालींबद्दल कमी आणि केस, कपडे, बोलण्याची पद्धत यावर जास्त बोलतात. हे ग्यान देण्याचं चुलत भावंड समजा, कारण बाईच्या कामाकडे न पाहता तिच्यावर मत देण्याची सवय दोघांच्याही मुळाशी आहे. मग जुलै २०२५ मध्ये ती बातुमीला महिला वर्ल्ड कप जिंकली, फायनलला कोनेरू हम्पीला रॅपिडच्या, म्हणजे कमी वेळाच्या डावांच्या, टायब्रेकमध्ये हरवलं आणि भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या चौकातल्या तर्री पोह्याच्या ठेल्यावर एक गृहस्थ आपल्या भाचीला सांगत होते की रॅपिडमध्ये काय, नशिबाचाच भाग असतो जास्त. भाची दहा-अकरा वर्षांची, पाठीवर चेस क्लासची बॅग. ती म्हणाली, "मामा, घोडा कसा चालतो?" मामा म्हणाले, "पोहे खा आधी."

मी त्या पोरीसाठी एक एक्स्ट्रा चना प्लेट सांगणार होते, पण म्हटलं उगाच लफडं नको.

बाईच्या कामाबद्दल बाईच्या नवऱ्याशी बोलणं

याच्यावर जास्त लिहायची गरज नाही, सगळ्यांनी पाहिलं आहे. गाडीच्या शोरूममध्ये ईएमआय भरणार ती, मायलेज सांगणार त्याला, आणि तिला विचारणार "मॅडम, कलर कोणता?" बँकेत सही तिची, समजावणं नवऱ्याला. प्लंबर घरी आला की "साहेब कधी येतील?" साहेबांना मेन कॉक कुठे आहे हे लग्नाला बारा वर्षं झाली तरी माहीत नाही.

मधेच तोडणं, आणि पाच मिनिटांनी तेच आपण बोलणं

ही चूक मीटिंगवाल्यांची. ऑफिस असो की फ्लॅट स्कीमची मीटिंग, फरक नाही. आमच्या स्कीममध्ये लिफ्टच्या एएमसीवर, म्हणजे देखभालीच्या वार्षिक करारावर, चर्चा सुरू होती, तिसऱ्या माळ्यावरच्या ताई अकाउंटंट आहेत, त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं की पार्ट्स सकटचा करार घेतला तर वर्षाचा खर्च कमी येईल, तिसरं वाक्य सुरू होताच कोणीतरी म्हटलं "ताई, ते टेक्निकल असतं हो." पुढची वीस मिनिटं पार्किंगवर गेली, आणि मग एका भाऊंनी तोच मुद्दा मांडला, पार्ट्स सकटचाच, आणि सगळे म्हणाले "हे बेस्ट आहे." ताई वहीत काहीतरी लिहीत बसल्या होत्या. मी नंतर पाहिलं, वहीत नुसत्या रेघा होत्या.

हे मोठ्या मोठ्यांनाही सुटलेलं नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी तिथल्या सुप्रीम कोर्टातल्या सुनावण्यांचे ट्रान्स्क्रिप्ट काढून मोजलं तर महिला न्यायाधीशांना पुरुष न्यायाधीशांच्या साधारण तिप्पट वेळा मधेच तोडलं गेलेलं निघालं. न्यायाधीश बरं का, समोर वकील उभा आहे तरीही! पुढे त्या कोर्टाने पद्धत बदलली, वकिलाचा वेळ संपला की न्यायाधीश सिनियॉरिटीने एकेक करून प्रश्न विचारतात, आणि तिथल्याच न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी २०२१ मध्ये सांगितलं की या बदलामागे अशा अभ्यासांचाही हात होता.

म्हणजे उपाय सोपा आहे, पाळी लावा. मीटिंगमध्ये जो चालवून राहिला त्याने म्हणायचं, आधी ताईंचं पूर्ण होऊ द्या. आणि तुम्ही नुसते बसलेले असाल आणि कोणी तिचा मुद्दा उचलला तर एवढंच बोला, "हो, हेच ताई मघाशी म्हणत होत्या." यात तुमचे पैसे लागत नाहीत. उगाच तिच्या वतीने भाषण ठोकू नका मात्र, ते परत तेच झालं.

घरातली: कूलरची खिडकी

आता आमच्या घरातलं सांगते, नवरा वाचणार आहे, वाचू दे. मी इलेक्ट्रिकल डिप्लोमा, तो बँकेत. दर एप्रिलमध्ये कूलर काढला, खस बदलली, पाणी भरलं की आमचं भांडण ठरलेलं: तो खोलीची दुसरी खिडकी लावून घेतो आणि मला समजावतो की "थंड हवा बाहेर जाऊन राहिली गं." अरे बाबा, कूलर म्हणजे एसी नाही. गरम कोरडी हवा ओल्या खसमधून येते, पाण्याची वाफ होताना हवा गार होते पण दमटही होते, ती दमट हवा बाहेर जायला जागा नसेल तर अर्ध्या तासात खोलीचा चिखल होतो. म्हणूनच जुलैत पाऊस लागला की तोच कूलर फक्त आवाज करतो. हे मी त्याला सहा उन्हाळे सांगितलं. सातव्या उन्हाळ्यात त्याचा मित्र आला, त्याने सांगितलं "खिडकी उघडी ठेव बे", आणि नवरा आत येऊन मला म्हणतो, "अगं तुला माहीत आहे का, कूलरला खिडकी उघडी लागते."

मी हसले की चिडले मला अजून ठरवता आलेलं नाही. घरातल्या माणसांसाठी चूक नीट समजून घ्या: तिने सांगितलेलं तुम्ही ऐकलं होतं, पण माहिती म्हणून ऐकलं नव्हतं, कटकट म्हणून ऐकलं होतं.

चूक झालीच तर काय करायचं

बोलता बोलता लक्षात आलं की समोरची याच लाईनमधली आहे, तर तिथेच थांबा. "अरे, तुम्ही यातल्याच आहात, मग तुम्हीच सांगा." झालं. "मी तर जनरल सांगत होतो" म्हणू नका, "आजकाल काही बोलायचीच सोय नाही" तर अजिबात म्हणू नका, आणि दहा मिनिटं माफी मागून तिलाच तुमची समजूत काढायला लावू नका, एका सॉरीत भागतं.

बायकांसाठी माझ्याकडे तीनच वाक्यं आहेत, साइटवर घासून घासून तयार झालेली. "हो, रोजचंच काम आहे माझं." "थांबा, पूर्ण करते." आणि फारच झालं तर, "तुम्ही कुठे बसवलं होतं हे?" तिसरं वाक्य गोड आवाजात विचारायचं, मग मजा पाहायची. पण हेही खरं आहे की नवीन नोकरी, समोर बॉस, हप्ता चालू, तेव्हा यातलं एकही तोंडातून निघत नाही, आणि गप्प बसली म्हणून तिची चूक नाही. मी पहिली चार वर्षं नुसती "हो सर" म्हणत होते.

आणि प्रत्येक पुरुषाने काही सांगितलं की लगेच त्याला ठप्पा मारायचा, हेही नको. मला ज्याने छतावर चालायचं कसं, पाय कुठे टाकायचा, अर्थिंगचा खड्डा कसा भरायचा हे शिकवलं तो दहावी नापास वायरमन होता, आणि प्रत्येक वेळी आधी विचारायचा, "ताई, हे येते का तुम्हाले?"

आणि माझी चूक

दोन वर्षांपूर्वी त्रिमूर्ती नगरात सर्व्हेला गेले. काका-काकू दोघं बसलेले. मी लॅपटॉप उघडला आणि सरळ काकांकडे पाहून सुरू झाले, काका पाहा, ५ किलोवॅट लावू, सबसिडी ३ किलोवॅटला ७८ हजार मिळते, त्याच्या वर कितीही लावा तेवढीच, एका किलोवॅटला दिवसाचे साधारण ४ युनिट धरा, वगैरे. काका मान हलवून राहिले. काकू उठून आत गेल्या, मला वाटलं चहा ठेवायला गेल्या, मी म्हटलंसुद्धा, "काकू, चहा नको हो."

त्या फाइल घेऊन आल्या. तीन वर्षांची वीजबिलं, महिन्याप्रमाणे लावलेली, वर पेनाने युनिट लिहिलेले, मे चे ५४०, डिसेंबरचे १८०. म्हणाल्या, "सरासरी ३३० येते. त्यात मुलाच्या खोलीतला एसी आहे, मुलगा जूनमध्ये पुण्याला जाते. मग ५ कायले?" मी हिशोब केला, ३ किलोवॅट पुरत होतं, आरामात. काका म्हणाले, "बिलाचं सगळं हीच पाहते, मले काही माहीत नाही." हे त्यांनी मला आधी सांगितलं नाही कारण मी त्यांना विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून सर्व्हेला गेलं की लॅपटॉप उघडायच्या आधी विचारते, बिल कोण भरतं.

३ किलोवॅटच लावलं. पहिलं बिल आल्यावर काकांचा फोन आला, मॅडम, झिरो येईल म्हणाल्या होत्या, हे दोन-तीनशे कशाचे? मी सांगायला तोंड उघडलंच होतं तर मागून काकूंचा आवाज आला, "स्थिर आकार आहे तो, मी सांगितलं होतं ना तुम्हाले, ठेवा फोन."