वाऱ्यात केबलचा झोळ चुकत होता, तो कसा सुधारला

उदाहरण: एका उंचीवरच्या दोन आधारांमध्ये 200 मीटर गाळा, 14 मिमीची पोलादी केबल, वजन 10 न्यूटन/मीटर, आडवा ताण 10,000 न्यूटन. झोळ (केबल मधोमध जितकी खाली लोंबते ते अंतर) = वजन × गाळा² ÷ (8 × ताण) = 5 मीटर.

30 मी/से वाऱ्याचा आडवा भार साधारण 7.5 न्यूटन/मीटर. वजनाशी काटकोनात असल्याने एकूण भार 12.5, आणि केबल उभ्यापासून 37 अंश झुकते. माझी चूक इथेच होती. ताण 10,000 च ठेवला, तर तिरक्या प्रतलातला झोळ 6.25 मीटर येतो. त्याचा उभा घटक मात्र पुन्हा बरोब्बर 5 मीटर! वारा आल्यावरही उभा झोळ जागचा हलत नसेल, तर ताण गोठलेला आहे, असं खुशाल समजा.

कायम राहते ती केबलची न ताणलेली लांबी, ताण नव्हे. गाळ्यापेक्षा जास्तीची लांबी 8 × झोळ² ÷ (3 × गाळा) = 0.333 मीटर; तीत ताणवाढीमुळे होणारी लांबीवाढ मिळवा (लवचिकता गुणांक × केबलच्या छेदाचं क्षेत्रफळ = 2 कोटी न्यूटन धरून) आणि ताण बदलत ही बेरीज त्या ताणाच्या झोळातून येणाऱ्या जास्तीच्या लांबीशी जुळवा. चार-पाच फेऱ्यांत ताण 12,120 न्यूटन, झोळ 5.16 मीटर मिळतो: उभा 4.13, आडवा 3.09. म्हणजे वाऱ्यात केबल बाजूला सरकते आणि वर उचलली जाते.

हेच सॉफ्टवेअरमध्ये करताना सरळ रेषेतून सुरुवात करू नका. ताण नसलेल्या सरळ केबलला आडवा कडकपणा (तिच्याशी काटकोनातल्या भाराला होणारा विरोध) शून्य, त्यामुळे गणित पहिल्याच पायरीला कोसळतं. आधी पॅराबोलाचा आकार द्या, मग वजन, शेवटी वारा टप्प्याटप्प्याने.